साडेएकोणीस इंच

मिनिआपोलिसहून उत्तरेला निघालं की मक्याची कापलेली शेतं हळूहळू विरळ होतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्च आणि अ‍ॅस्पेन दाटी करू लागतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांची पानं पिवळीधमक झालेली असतात. दर दोन-चार मैलांवर झाडांमागून पाणी चमकून जातं. मिनेसोटातल्या मोटारींच्या नंबरपाटीवर दहा हजार सरोवरांचा उल्लेख असतो. दहा एकरांहून मोठी सरोवरं मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. इथे पाण्याशिवाय गाव नाही आणि माशाशिवाय गप्पा नाहीत.

मिल लॅक्स सरोवराच्या काठावरच्या गॅरिसन गावात पाण्याच्या कडेला एका माशाचा भलामोठा पुतळा आहे. गावाची वस्ती जेमतेम काहीशे. पण येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या पुतळ्यापाशी गाडी थांबवतो, मुलांना पुढे उभं करतो आणि फोटो काढतो. हा मासा म्हणजे वॉलआय. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा एक थर असतो. त्यामुळे गढूळ पाण्यात, संधिप्रकाशात, ढगाळ हवेत त्याला भक्ष्य स्पष्ट दिसतं आणि त्या भक्ष्याला मात्र तो दिसत नाही. म्हणून इथले लोक आभाळ भरून आलं, वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या की खुशीत येतात. आपल्याकडे सहलीला निघालेली माणसं ज्या हवेला नावं ठेवतील, ती हवा इथे लोक मागून घेतात.

गाडीत आम्ही चौघं होतो. चालवणारा मित्र अलिबागचा, आता कित्येक वर्षं मिनिआपोलिसकर. त्याच्या शेजारच्या सीटवर त्याचे खरोखरचे शेजारी, बॉडेट गावात जन्मलेले निवृत्त शिक्षक. मागे त्यांची मुलगी, जी इस्पितळात परिचारिका आहे, आणि पुण्याहून आलेला मी. अमेरिकेत सत्तरीच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. मित्राच्या जिभेला ते कधी जमलं नाही. तो त्यांना 'मास्तर' म्हणतो आणि तेही त्या हाकेला तितक्याच सहजपणे ओ देतात. मुलगीही अधूनमधून बापाला 'मास्तर' म्हणून चिडवते. शब्दाभोवतीचा आदर तिला कुणी समजावून सांगितलेला नाही, पण तो तिच्यापर्यंत पोचला आहे असं वाटत राहिलं.

बेमिजीला जेवायला थांबलो. मिसिसिपी नदी इथून जवळच्या इटास्का सरोवरात उगम पावते आणि या गावातल्या तळ्यातून पुढे जाते. काठावर पॉल बन्यन या दंतकथेतल्या लाकूडतोड्याचा आणि त्याच्या निळ्या बैलाचा १९३७ सालचा पुतळा आहे. जेवणात वाइल्ड राइसचं दाट सूप होतं. काळपट, लांबुडका, चावताना किंचित धुरकट लागणारा हा दाणा ओजिब्वे लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे. ते त्याला मनूमिन म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत दोघं जण छोट्या होडीतून या रोपांमध्ये शिरतात. एक जण लांब दांड्याने होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या होडीवर वाकवून झोडतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बियाणं. परिचारिकेने हे अगदी सहज सांगितलं आणि पुन्हा सुपाकडे वळली. तिच्या त्या एका वाक्याने पुढचा सगळा प्रवास मला निराळा दिसू लागला.

ब्लॅकडकच्या पुढे रस्ता सरळसोट उत्तरेला जातो. घरं तुरळक होतात. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख असो वा नसो. कोकणात एसटीचे दोन चालक समोरासमोर आले की हात करतात, तसा हा रिवाज. फक्त इथे तो सगळ्यांचा आहे.

वॉस्किशजवळ जमीन सपाट आणि ओली होत जाते. इथे 'बिग बॉग' नावाची अफाट पाणथळ आहे आणि तिच्यात मैलभर लांबीची फळ्यांची पायवाट नेली आहे. पायांखाली मॉसचा जाड थर, त्यातून वर आलेली खुरटी काळी स्प्रूस, आणि मधूनमधून सोनेरी टॅमरॅक. टॅमरॅक सूचिपर्णी आहे, तरी त्याची पानं ऑक्टोबरमध्ये सोनेरी होतात आणि सगळी गळतात. उन्हाची तिरीप आली की सगळा दलदलीचा प्रदेश आतून उजळल्यासारखा दिसतो. हिमयुगाच्या अखेरीस इथे अ‍ॅगासी नावाचं प्रचंड सरोवर होतं, आजच्या पाचही 'ग्रेट लेक्स'च्या एकत्रित क्षेत्रफळाहून मोठं. ते ओसरलं, तेव्हा खोलगट भागांत जे पाणी उरलं त्यातली दोन सरोवरं म्हणजे रेड लेक आणि आम्ही जिकडे निघालो होतो ते लेक ऑफ द वुड्स.

रेड लेकपाशी थांबल्याशिवाय वॉलआयची गोष्ट पुरी होत नाही. या सरोवराचे दोन भाग आहेत. खालचा संपूर्ण आणि वरचा निम्म्याहून जास्त भाग रेड लेकच्या ओजिब्वे लोकांच्या मालकीचा, उरलेला राज्याचा. इथे दशकानुदशकं जाळ्यांनी व्यापारी मासेमारी चालली. विसाव्या शतकाच्या अखेरीस इतके मासे काढले गेले, काही नोंदवून आणि बरेचसे चोरून, की वॉलआय जवळजवळ संपला. तेव्हा रेड लेकच्या मच्छीमारांनी स्वतःच जाळी बाहेर काढली. १९९७ मध्ये व्यापारी मासेमारी थांबली. १९९९ मध्ये ओजिब्वे, राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांच्यात करार झाला आणि राज्याच्या हद्दीतही वॉलआय पकडणं बंद झालं. १९९९, २००१ आणि २००३ मध्ये कोट्यवधी पिल्लं पाण्यात सोडली. २००६ मध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली. आज रेडबी गावातल्या ओजिब्वेंच्या कारखान्यात साफ केलेला वॉलआय दूरदूरच्या घरांत जातो.

मास्तर त्या वर्षांबद्दल सांगत होते. वॉलआय नाहीसा झाल्यावर क्रॅपी नावाचे छोटे मासे भरमसाट वाढले आणि लोक हिवाळ्यात त्यांच्यासाठी रेड लेकवर लोटले. "पण ज्यांचं पोट जाळ्यावर होतं," ते म्हणाले, "त्यांनी ती वर्षं कशी काढली हे आम्ही शहरात बसून विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

अलिबागचा मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने सातपाटीचा विषय काढला. पापलेटसाठी नावाजलेलं ते बंदर; आणि त्याच पापलेटची बोटभर पिल्लं टोपल्या भरभरून विकली जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी तर दरवर्षी असतेच आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. "नियम आहेत," मित्र म्हणाला, "पण जाळं वर आलं की त्यातलं पिल्लू मेलेलंच असतं. परत सोडणार काय?" हा मुद्दा खरा आहे. गळाने हौसेला मासे धरणाऱ्याला मासा सोडून देणं सोपं. जाळ्यावर घर चालवणाऱ्याला जाळ्याचा आस, म्हणजे त्याचं भोक, मोठा ठेवावा लागतो, आणि शेजारची बोट बारीक आसाचं जाळं टाकत असेल तर तो एकटा काय करणार? म्हणूनच मला गळवाल्यांच्या नियमांपेक्षा रेड लेकच्या कोळ्यांचा निर्णय मोठा वाटतो. ते सगळे एकदम थांबले.

बॉडेट हे रेनी नदीच्या काठावरचं सीमेवरचं गाव. पुलापलीकडे कॅनडा. इथेही वॉलआयचा पुतळा आहे, ४० फुटी 'विली', १९५९ साली उभारलेला. गॅरिसन आणि बॉडेट ही दोन्ही गावं स्वतःला वॉलआयची जागतिक राजधानी म्हणवतात. गाव दिसायला नवं वाटतं, कारण ऑक्टोबर १९१० मधल्या वणव्यात ते आणि शेजारचं स्पूनर जळून खाक झालं होतं. चाळीसहून जास्त माणसं गेली. मास्तरांच्या आजीने नदीच्या पाण्यात उभं राहून ती रात्र काढली असं घरात सांगत आले आहेत.

आमिषाचं दुकान म्हणजे गावाचा चव्हाटाच. कॉफीचा थर्मास, भिंतीवर गोठलेल्या काचेगत डोळ्यांचे मासे, फ्रीजरमध्ये एमराल्ड शायनरच्या पिशव्या. शायनर हे बोटभर लांबीचे चंदेरी मासे. शरदात ते सरोवरातून थव्यांनी रेनी नदीत शिरतात आणि त्यांच्यामागे वॉलआय. इथल्या ऑक्टोबरच्या मासेमारीचं सगळं गणित या एका स्थलांतरावर बसलेलं आहे. कुणी विचारलं, "कसं काय चाललंय?" की उत्तर ठरलेलं: "तसं वाईट नाही." ज्याच्या खोक्यात एकही मासा नाही तोही हेच म्हणतो आणि ज्याला रात्रीच्या जेवणापुरते मिळाले तोही. बढाई मारणं इथे असभ्य समजतात. पण मास्तर दुकानदाराच्या आवाजावरून ओळखतात. त्या सकाळी बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "शायनर आलेत."

नदी आणि सरोवर यांच्या मधल्या फोर माइल बेमध्ये कितीतरी होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. पाणी चहाच्या रंगाचं. दलदलीतून झिरपून येणाऱ्या टॅनिनमुळे. दोन होड्यांमध्ये ऐकू जाईल एवढंच अंतर, तरी कुणी आवाज चढवत नव्हतं. कुणी दुसऱ्याच्या नांगराच्या दोरापाशी होडी आणत नव्हतं. कुणाला मासा लागला तर शेजारचे आपले गळ गुंडाळून घेत, म्हणजे दोऱ्या अडकायला नकोत. नदीच्या मध्यावर देशाची हद्द आहे. पलीकडच्या होड्या कॅनडाच्या. त्यांचे परवाने वेगळे, नियम वेगळे, पण मासा लागल्यावरचा शिष्टाचार तोच.

परिचारिकेने गळाला शायनर लावून दाखवला. शिशाच्या छोट्या गोळीला जोडलेला हूक. शायनरच्या तोंडातून घालून कल्ल्यातून बाहेर काढायचा, मग वळवून पाठीतून आरपार. गोळी तळाला टेकली की दोरी सैल पडते. वीतभर उचलायची, थांबायचं, पुन्हा टेकवायची. शरदातला वॉलआय झटका देत नाही. दोरीला किंचित जडपणा येतो, तळाची ओली काडी अडकावी तेवढाच.

तिच्या गळाला लागलेला पहिला मोठा मासा वर आला तेव्हा मी त्याला अगदी जवळून पाहिलं. पाठ शेवाळी, अंगावर पितळी सोनेरी झाक, पोट पांढरं. पुढच्या पाठीवरच्या पराचे काटे ताठ उभे राहिलेले आणि त्याच्या मागच्या टोकाशी एक काळा डाग. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. सॉगर या त्याच्या भावंडाला तो नसतो, त्याच्या परावर ठिपक्यांच्या ओळी असतात. डोळे मोठे, दुधी, आत कुठेतरी प्रकाश असल्यासारखे. तिने हात ओले करून मासा मोजपट्टीवर ठेवला, तोंड मिटवून पट्टीच्या कडेला टेकवलं, शेपटीची दोन टोकं चिमटीत जवळ आणली. बावीस इंच.

लेक ऑफ द वुड्सच्या मिनेसोटातल्या पाण्यात साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचांमधला वॉलआय परत सोडावा लागतो. त्याहून लहान ठेवता येतो, अठ्ठावीसच्या वरचा फक्त एक. माणशी वॉलआय आणि सॉगर मिळून सहा, त्यांत वॉलआय चारच. कारण सरळ आहे: या मधल्या लांबीत वंश वाढवणाऱ्या माद्या बहुसंख्येने असतात आणि एक मादी हजारोंनी, मोठी झाली की लाखांनी अंडी घालते. परिचारिकेने मासा पाण्यात धरला, शेपटीजवळ हाताने आधार देऊन. काही क्षण तो नुसता कल्ले हलवत राहिला. मग शेपटीचा एक फटका, पाण्याचे चार शिंतोडे, आणि गेला. बोटीवर कुणी हळहळलं नाही. मास्तरांनी नवा शायनर तिच्या पुढ्यात ठेवला.

आसपासच्या होड्यांमध्येही हेच चाललेलं दिसत होतं. पट्टी, एक नजर, आणि मासा पाण्यात. पाहायला अधिकारी नव्हता. धक्क्यावर कधीतरी येतो आणि खोकं उघडून मोजतो, पण इतक्या मोठ्या पाण्यावर त्याचा धाक तो किती? तरीही माणसं वाकून, डोळे बारीक करून, पाव इंचाचा हिशेब करत होती. चार-पाच पौंडांचा मासा हातात आणि शेजारी कुणी बघत नाही, अशा वेळी माणूस काय करतो हे पाहायला मला कुठल्याही संग्रहालयापेक्षा ती खाडी अधिक मोलाची वाटली.

हीच नदी एकेकाळी कागद गिरण्यांच्या सांडपाण्याने घाण झाली होती. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर ती हळूहळू निवळली आणि जवळपास नाहीसे झालेले स्टर्जन मासे परत आले. मास्तरांना लहानपणी पाण्यावर तरंगणारा लगदा आठवतो. त्यांच्या मुलीला तो आठवत नाही, आणि ही गोष्ट त्यांनी ज्या समाधानाने सांगितली ते समाधान मी विसरणार नाही.

एका दुपारी वारा पडल्यावर मोठ्या पाण्यावर गेलो. दक्षिणेकडचा बिग ट्रॅव्हर्स हा भाग उघडा आणि उथळ आहे. वारा उठला की लाटा लवकर चढतात आणि होड्या धक्क्याकडे परततात. सरोवरात १४,००० हून जास्त बेटं आहेत, बहुतेक उत्तरेला कॅनडाच्या हद्दीत. वायव्येला मिनेसोटाचा एक तुकडा पाण्यापलीकडे सुटा राहिला आहे. १७८३ च्या तहात वापरलेल्या नकाशात सरोवराचा आकार आणि मिसिसिपीचा उगम चुकीचा दाखवला होता. त्या चुकीतून हद्दीची रेषा अशी वळली की अलास्का वगळता अमेरिकेचं सर्वांत उत्तरेचं टोक तिथे आलं. तिथल्या रहिवाशांना रस्त्याने बॉडेटला यायचं तर कॅनडातून यावं लागतं.

संध्याकाळी मासे साफ करण्याच्या खोलीत गर्दी. लांब टेबलं, वरून नळ, लख्ख दिवे. मास्तरांची सुरी कल्ल्याच्या मागे उतरते, काट्यावर टेकते, आणि सपाट होऊन शेपटीपर्यंत सरकते. मग कातडी अलगद वेगळी. घरी न्यायच्या तुकड्यांवर मात्र खवल्यांसकट इंचभर कातडी ठेवावी लागते, तपासणाऱ्याला माशाची जात कळावी म्हणून. गालाचे छोटे गोळे ते वेगळे काढतात. जाणकार त्यावर जीव टाकतात. डोकी बादलीत जातात.

अलिबागच्या माणसाला हे बघवेना. कोळीवाड्यात मोठ्या माशाचं डोकं घरच्या वडीलधाऱ्याला देतात, पाहुण्याला आग्रहाने वाढतात. इथे ते कचऱ्यात. त्याने शेजारच्या टेबलांवरची डोकीही मागून घेतली. लोकांनी आनंदाने दिली, एकाने तर कल्ले काढून, धुऊन दिली. केबिनमध्ये दोन चुली पेटल्या. एकीवर मास्तरांचा बीडाचा तवा, डुकराच्या चरबीत मक्याच्या पिठात घोळवलेले तुकडे, बाजूला कांदा-बटाटा आणि डब्यातल्या गोडसर बीन्स. दुसरीवर मित्राने घरून आणलेला कोळी मसाला, ठेचलेला लसूण, कोकम, आणि उकळत्या रश्श्यात सरकणारी डोकी. काही तुकडे त्याने रव्यात घोळवून तळले. वॉलआयला समुद्राचा वास नाही, मांस घट्ट आणि पांढरंशुभ्र, चव सौम्य; मसाला त्याच्यावर कुरघोडी करील अशी मला भीती होती, पण कोकमाने तो सावरला.

मिनेसोटात ताटातला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. विचारलं तर नको म्हणायचं, पुन्हा विचारलं तरी नको, तिसऱ्यांदा विचारलं तर "बरं, थोडासा". आपल्याकडच्या आग्रहाची ही जुळी बहीण. यजमानाने विचारत राहायचं आणि पाहुण्याने मान राखत नाकारायचं, हे दोघांनाही पाठ. त्यामुळे त्या टेबलावर कुणालाच परकं वाटलं नाही.

मास्तरांनी आधी रश्श्याचा नुसता वास घेतला. मग त्यांनी त्यांच्या नॉर्वेजियन आजीची गोष्ट काढली. ती माशाची डोकी उकळून सूप करायची, दुधात, बटाटे घालून. आजी गेली आणि ते सूपही गेलं, आईला त्याची लाज वाटायची. परिचारिकेने हे कधीच ऐकलं नव्हतं. तिने बापाला विचारलं, अजून काय काय घालायची ती? मास्तर आठवत राहिले: मिरी, कांदा, बहुतेक तमालपत्र. मित्राने वहीचा कागद फाडून लिहून घेतलं आणि उद्याची डोकी त्या सुपाला राखून ठेवायची ठरलं. वाडग्यातला रस्सा संपल्यावर मास्तरांनी पळी स्वतःच हातात घेतली. त्यांना एकदाही विचारावं लागलं नाही.